ऑपरेटरमागचा माणूस : जॉर्ज बूल

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. शाळेत मराठी होतं, पण पास होण्यापुरतं. त्यामुळे मॅगझिन कमिटीने लेख मागितला तेव्हा सगळ्यांना वाटलं की मी इंग्रजी विभागात देणार. मी मराठीत लिहिते म्हटल्यावर माझीच रूममेट हसली. चुका सापडल्या तर पोटात घाला. इंग्रजी सोडून इकडे का आले, ते लेखाच्या शेवटी कळेल.

गोष्ट सुरू होते सेकंड इयरच्या ओरलपासून. विषय डेटा स्ट्रक्चर्स, भाषा अर्थातच सी. मला आलेला प्रोग्राम अगदी सोपा होता. यादीतल्या सम संख्या वेगळ्या काढायच्या. मी मोठ्या ऐटीत अट लिहिली : (संख्या & १ == ०). म्हणजे शेवटचा बिट शून्य असेल तर संख्या सम. प्रोग्राम कंपाइल झाला, रन झाला, आणि एकही सम संख्या सापडली नाही! यादीत २, ४, ६, ८ ढळढळीत दिसत होते. मी तीन वेळा रन केला. जणू तिसऱ्या वेळी कॉम्प्युटरला दया येणार होती.

एक्स्टर्नल सर आले, स्क्रीन बघितली आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला. ५ & २ याचं उत्तर शून्य येतं आणि ५ && २ याचं उत्तर एक येतं, असं का? मला प्रिसिडन्सचा अख्खा तक्ता पाठ होता, पण या प्रश्नाचं उत्तर त्या तक्त्यात नव्हतं. मी काहीतरी बोलले. भरपूर बोलले. माझ्या शेजारी माझी रूममेट उभी होती, तिलाही तोच प्रश्न विचारला गेला. तिचं काय झालं ते शेवटी सांगते.

त्या रात्री मेसमधून आल्यावर आम्ही दोघी तोच प्रश्न घेऊन बसलो. बोलता बोलता तिने विचारलं की लॉजिकलला बूलियन का म्हणतात, हा बूल कोण? मला माहीत नव्हतं. दोन वर्षं ज्याच्या नावाचे प्रश्न सोडवले, तो माणूस कुठला, काय करायचा, याचा पत्ताच नाही! दुसऱ्या दिवशी लायब्ररीत गेले आणि मग त्याच्यामागे लागले ती लागलेच.

जॉर्ज बूलचा जन्म २ नोव्हेंबर १८१५ रोजी इंग्लंडमधल्या लिंकन या गावी झाला. वडील जॉन बूल जोडे शिवायचे. आई मेरी अॅन लग्नाआधी दुसऱ्यांच्या घरी कामाला होती. वडिलांचा धंदा कधी नीट चालला नाही आणि त्याला बरंचसं कारण स्वतः वडीलच होते. त्यांना जोड्यांपेक्षा भिंगांचं आणि दुर्बिणींचं वेड जास्त. दुर्बीण तयार झाली की रस्त्याने जाणाऱ्यांनाही ते दुकानात बोलावून त्यातून बघायला लावायचे. अशा दुकानात गिऱ्हाइकाचे जोडे वेळेवर मिळत नसणार, हे उघड आहे. पण या माणसाने आपल्या थोरल्या मुलाला शेजारी बसवून गणित शिकवलं आणि हातात उपकरणं दिली.

जॉर्जचं शाळेतलं शिक्षण जेमतेमच. गावातल्या विल्यम ब्रुक नावाच्या पुस्तकविक्रेत्याने त्याला लॅटिन शिकवलं. ग्रीक तो आपला आपण शिकला. चौदाव्या वर्षी त्याने एका ग्रीक कवितेचं इंग्रजी भाषांतर केलं, आणि वडिलांनी कौतुकाने ते गावच्या वर्तमानपत्रात छापून आणलं. झालं! एका वाचकाने पत्र लिहून आक्षेप घेतला की चौदा वर्षांच्या पोराला हे जमणं शक्यच नाही, हे कुठूनतरी उचललेलं असणार. जोडे शिवणाऱ्याचा मुलगा ग्रीक वाचतो हे गावातल्या शिकलेल्या माणसाला पटत नव्हतं. जॉर्जच्या आयुष्यातली ही पहिली ओरल म्हणायला हरकत नाही. परीक्षकाने उत्तर न ऐकताच निकाल दिला होता.

जॉर्ज सोळा वर्षांचा झाला तोवर वडिलांचं दुकान बसलं होतं. आई, वडील आणि तीन धाकटी भावंडं, सगळ्यांचा भार त्याच्यावर आला. तो डॉनकॅस्टरच्या एका शाळेत साहाय्यक शिक्षक म्हणून लागला. आपण सोळाव्या वर्षी बारावीच्या क्लासची बॅच बदलून मागत असतो, तेव्हा हा पोरगा घर चालवत होता. दिवसा शिकवायचं आणि रात्री शिकायचं. फ्रेंच, जर्मन, इटालियन या भाषा त्याने अशाच मिळवल्या.

गणिताकडे तो वळला याचं कारण हॉस्टेलवर राहणाऱ्या कुणालाही लगेच पटेल. पैसे! पुस्तकं महाग होती आणि पगार तुटपुंजा. गोष्टीचं किंवा कवितेचं पुस्तक दोन-चार दिवसांत संपायचं, पण गणिताचं एक पुस्तक महिनोन्महिने पुरायचं. म्हणजे एका पुस्तकाच्या पैशांत जास्त दिवस वाचन! लाक्रवा या फ्रेंच गणितज्ञाचं कॅल्क्युलसचं पुस्तक त्याच्या हाती आलं आणि ते त्याने कुणाच्याही मदतीशिवाय फोडलं. पुढे लाग्रांज आणि लाप्लास. आपल्याला एका युनिटसाठी तीन लेखकांच्या पुस्तकांची झेरॉक्स लागते, हे आठवून मला जरा ओशाळायला झालं.

डॉनकॅस्टरलाच, सतरा वर्षांचा असताना, एका शेतातून चालत जाताना त्याच्या मनात एक विचार आला. माणसाचे विचारसुद्धा बीजगणितासारखे चिन्हांत मांडता येतील का? विचार आला आणि राहिला. त्याचं पुस्तक व्हायला पंधरा वर्षं लागणार होती.

१८३४ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याने लिंकनला परत येऊन स्वतःची शाळा काढली. गावात कामगार आणि कारागीर लोकांसाठी मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट नावाची संस्था सुरू झाली होती. तिथे वाचनालय होतं, व्याख्यानं व्हायची, आणि वस्तू-पुस्तकांची देखरेख जॉन बूल करायचे. १८३५ मध्ये याच संस्थेत जॉर्जने न्यूटनवर व्याख्यान दिलं. सर एडवर्ड ब्रॉमहेड नावाचे एक गणितप्रेमी जमीनदार जवळच राहायचे, ते त्याला आपल्या संग्रहातली पुस्तकं वाचायला द्यायचे. पदवी नाही, कॉलेज नाही, गाइड नाही. वाचनालय आणि उसनी पुस्तकं, एवढीच त्याची युनिव्हर्सिटी.

केंब्रिजहून निघणाऱ्या एका गणित-नियतकालिकाचा संपादक डंकन ग्रेगरी हा तरुण त्याला भेटला आणि बूलचे लेख छापून येऊ लागले. केंब्रिजला रीतसर शिकायला जावं असं बूलच्या मनात होतं. पण तिकडे गेलं तर शाळा बंद, आणि शाळा बंद म्हणजे घरची चूल बंद. तिथला ठरावीक अभ्यासक्रम घोकत बसण्यापेक्षा स्वतःचं काम चालू ठेवावं, असं ग्रेगरीचंही मत पडलं. बूल गेला नाही. संपूर्ण आयुष्यात त्याने परीक्षा देऊन पदवी अशी मिळवलीच नाही.

आता जरा एम-थ्री आठवा. डी ऑपरेटर आठवतो ना? डीवाय बाय डीएक्स लिहायचं, मग त्यातला वाय बाजूला काढायचा आणि डी एकट्याला कंसात टाकून साध्या बीजगणितासारखं अवयव पाडायचे. मला ही नेहमी हातचलाखी वाटायची. डी ही काही संख्या नाही, ती एक क्रिया आहे. मग तिचे अवयव कसे पडतात? बूलच्या काळातल्या काही गणितज्ञांनी हे करायला सुरुवात केली होती, आणि बूलने त्यावर १८४४ मध्ये एक मोठा निबंध लिहून रॉयल सोसायटीला पाठवला. त्यामागची गोष्ट अशी की क्रिया कोणती आहे याने काही अडत नाही, ती कोणते नियम पाळते ते महत्त्वाचं. संख्यांच्या गुणाकाराचे नियम ती पाळत असेल, तर तिला बीजगणितासारखं वागवता येतं. एका परीक्षकाने निबंध परत पाठवावा असं सुचवलं, दुसऱ्याने उचलून धरला. शेवटी तो छापला तर गेलाच, वर त्याला सोसायटीचं सुवर्णपदकही मिळालं. लिंकनच्या शाळामास्तरला इंग्लंडमधले गणितज्ञ ओळखू लागले.

मला वाटतं, बूलची पुढची सगळी कामगिरी या एका गोष्टीतून निघते. ऑपरेटर म्हणजे काय, तर तो पाळतो ते नियम. त्याचं नाव, त्याचं चिन्ह, ते कोणत्या भाषेत वाचलं, या सगळ्या नंतरच्या गोष्टी.

१८४७ च्या सुमारास ऑगस्टस डी मॉर्गन आणि स्कॉटलंडचे तत्त्वज्ञ सर विल्यम हॅमिल्टन यांच्यात तर्कशास्त्रावरून जोरदार भांडण जुंपलं होतं. हे डी मॉर्गन म्हणजे तेच, ज्यांचे दोन नियम आपण डिजिटलच्या पेपरात हमखास लिहितो. त्यांचा जन्म १८०६ मध्ये आपल्याकडे मदुराईला झाला होता. हे भांडण वाचून बूलला शेतातला तो जुना विचार आठवला. त्याने भराभर एक छोटं पुस्तक लिहिलं, तर्काचं गणिती विश्लेषण करणारं. १८४७ मध्ये ते बाहेर पडलं.

त्यातली मुख्य कल्पना मी आपल्या हॉस्टेलच्या भाषेत सांगते. समजा, हॉस्टेलमधल्या सगळ्या मुली म्हणजे १. कुणीच नाही म्हणजे ०. आता क्ष ही एक क्रिया आहे : चष्मा लावणाऱ्या मुली निवडा. य ही दुसरी क्रिया : कॉफी पिणाऱ्या मुली निवडा. क्ष आणि य एकापाठोपाठ केल्या, म्हणजे क्षय लिहिलं, की चष्मा लावणाऱ्या आणि कॉफीही पिणाऱ्या मुली मिळतात. आधी चष्मा आणि मग कॉफी, किंवा उलट, मुली त्याच. म्हणजे क्षय = यक्ष. गुणाकाराचाच नियम!

आता गंमत बघा. चष्मा लावणाऱ्या मुली निवडल्या, आणि निवडलेल्यांतून पुन्हा चष्मा लावणाऱ्या निवडल्या. काय फरक पडला? काहीच नाही. म्हणजे क्ष दोनदा केलं तरी क्षच. बीजगणितात लिहायचं तर क्ष × क्ष = क्ष. नेहमीच्या संख्यांना हे लागू पडत नाही, ५ × ५ काही ५ होत नाही. कोणत्या संख्यांना लागू पडतं? फक्त दोन. ० आणि १. कॉम्प्युटर जन्माला यायच्या शंभर वर्षं आधी ० आणि १ अशा प्रकारे एकत्र आले. कुठल्या मशीनच्या सोयीसाठी नव्हे, तर दोनदा निवडलं तरी तेच मिळतं या साध्या गोष्टीतून.

मग चष्मा न लावणाऱ्या मुली म्हणजे १ – क्ष. हा आपला नॉट ऑपरेटर. आणि चष्मा लावणाऱ्या व न लावणाऱ्या एकाच वेळी कोण? क्ष(१ – क्ष) = ०, म्हणजे कुणीच नाही. एखादी गोष्ट एकाच वेळी खरी आणि खोटी असू शकत नाही, हा तर्कशास्त्रातला जुना नियम बूलने एका ओळीच्या समीकरणातून काढून दाखवला. मी हे वाचलं तेव्हा वहीत तीन वेळा लिहून बघितलं. पहिल्यांदाच वाटलं की हे पाठ करायचं नसून बघायचं आहे.

अधिक चिन्हाच्या बाबतीत मात्र बूलने एक अट घातली होती. दोन गटांत सामाईक कुणी नसेल तरच त्यांची बेरीज करायची. चष्मा लावणारी मुलगी कॉफीही पीत असेल तर ती दोनदा मोजली जाईल ना! पुढे विल्यम जेव्हन्स याने ही अट काढून टाकली, आणि आज आपण ज्याला ऑर म्हणतो तो मोकळा ऑर तयार झाला. सी भाषेत दोन्ही छटा आहेत. दोन्हीपैकी एक किंवा दोन्ही यासाठी || किंवा |, आणि दोन्हीपैकी फक्त एकच यासाठी बिटांवर चालणारा ^.

याच सुमारास आयर्लंडमध्ये सरकारने नवीन कॉलेजं काढली. बूलने अर्ज केला. अर्जात शिक्षण या रकान्यापुढे लिहायला त्याच्याकडे काही नव्हतं. पण डी मॉर्गन यांच्यासारख्या लोकांनी त्याच्यासाठी शिफारशी लिहिल्या, आणि १८४९ मध्ये कॉर्कच्या क्वीन्स कॉलेजमध्ये तो गणिताचा पहिला प्राध्यापक झाला. सोळाव्या वर्षापासून शाळेत शिकवणारा हा माणूस चौतिसाव्या वर्षी कॉलेजच्या आवारात पहिल्यांदा आला तो शिकायला नाही, शिकवायला. आयर्लंड तेव्हा बटाट्याच्या महादुष्काळातून जात होतं, लाखो माणसं मेली होती आणि लाखो देश सोडून जात होती. अशा गावात हे नवं कॉलेज उघडलं.

१८५४ मध्ये त्याचं मोठं पुस्तक आलं, विचारांच्या नियमांवरचं. १८४७ चं पुस्तक घाईत झालं याची त्याला खंत होती. या वेळी त्याने सावकाश, सगळं पुन्हा मांडलं आणि त्याला संभाव्यतेचा, म्हणजे आपल्या प्रोबॅबिलिटीचा भागही जोडला.

कॉर्कमध्येच त्याची मेरी एव्हरेस्टशी ओळख झाली. आडनाव ओळखीचं वाटतंय ना? भारताचे सर्व्हेअर जनरल असलेले जॉर्ज एव्हरेस्ट हे तिचे सख्खे काका. शिखराला त्यांचं नाव मात्र १८६५ मध्ये दिलं गेलं, ते बघायला बूल नव्हता. मेरी त्याच्यापेक्षा सतरा वर्षांनी लहान, गणिताची प्रचंड आवड. मुलींना तेव्हा कॉलेजात प्रवेश नव्हता. १८५५ मध्ये तिचे वडील वारले, ती एकटी पडली आणि त्याच वर्षी दोघांचं लग्न झालं. बूलच्या पुस्तकांचे कच्चे खर्डे ती वाचायची आणि विद्यार्थ्याला कुठे अडेल ते सांगायची. १८५९ मध्ये बूलचं डिफरन्शिअल इक्वेशन्सवरचं पाठ्यपुस्तक आलं, ते पुढे बरीच वर्षं वापरात होतं. दरम्यान १८५७ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला फेलो करून घेतलं होतं.

आणि मग २४ नोव्हेंबर १८६४ चा दिवस. घरापासून कॉलेज जवळपास तीन मैल. बूल चालत निघाला, वाटेत धो धो पाऊस. चिंब भिजलेल्या कपड्यांनी त्याने लेक्चर घेतलं. सुट्टी दिली असती तर कुणी काही म्हटलं नसतं. घरी आल्यावर ताप भरला, तो छातीत उतरला. मेरीचा होमिओपॅथीवर विश्वास होता, आणि ज्याने आजार झाला त्यानेच तो बरा होईल असं समजून तिने त्याला ओल्या चादरींत गुंडाळलं, असं सांगतात. ८ डिसेंबर १८६४ रोजी बूल गेला. वय फक्त एकोणपन्नास. ज्याने अचूक विचारांचे नियम शोधले, त्याच्या घरात शेवटी हे घडावं! पण मेरीला दोष देताना हेही लक्षात ठेवायला हवं की तेव्हा न्यूमोनियावर डॉक्टरांकडेही खरं औषध नव्हतं.

मागे राहिल्या मेरी आणि पाच मुली. धाकटी सात महिन्यांचीसुद्धा नव्हती. मेरी लंडनला गेली, एका महिला कॉलेजात ग्रंथपाल झाली आणि लहान मुलांना गणित कसं शिकवावं यावर लिहीत राहिली. सरळ दोऱ्यांनी वक्र रेषा विणायचा जो प्रकार आम्ही शाळेत क्राफ्टच्या तासाला केला होता, तो तिच्यापासून सुरू झाला. मुलींपैकी अॅलिशियाने चार मितींच्या भूमितीत संशोधन केलं, ल्यूसी रसायनशास्त्रज्ञ झाली, एथेल कादंबरीकार झाली. मार्गारेटचा मुलगा म्हणजे जी. आय. टेलर. मेकॅनिकलवाल्यांनो, फ्लुइड मेकॅनिक्समधले टेलर तेच.

बूलच्या बीजगणिताचा इंजिनिअरला काही उपयोग आहे, हे कळायला त्याच्या मृत्यूनंतर आणखी सत्तरएक वर्षं गेली. क्लॉड शॅनन हा अमेरिकेत एमआयटीमध्ये मास्टर्स करणारा विद्यार्थी होता. कॉलेजात असताना तो बूलचं तर्कशास्त्र शिकला होता. रिलेची सर्किट्स बघताना त्याच्या लक्षात आलं की चालू आणि बंद म्हणजे बूलचे १ आणि ०. १९३७ मध्ये त्याने यावर प्रबंध लिहिला. सिरीजमध्ये दोन स्विच म्हणजे अँड, पॅरललमध्ये म्हणजे ऑर. डिजिटलचा सगळा विषय तिथून सुरू होतो. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता, म्हणजे आपल्याहून एखादं वर्ष मोठा. हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ मेसच्या घंटेची वाट बघत बसले.

शॅनन पुढे ज्या बेल लॅबमध्ये गेला, त्याच लॅबमध्ये १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला डेनिस रिची याने सी भाषा तयार केली. आणि इथे माझ्या ओरलचं उत्तर आहे.

सी च्या आधीच्या भाषेत & हे एकच चिन्ह दोन कामं करायचं. नुसतं वापरलं तर बिटांचं अँड, आणि इफच्या अटीत आलं तर खरं-खोटं ठरवणारं अँड. एका चिन्हाचे दोन अर्थ, शिकणाऱ्यांचा गोंधळ. म्हणून सी मध्ये दुसऱ्या कामासाठी && हा वेगळा ऑपरेटर आणला. दोघंही बूलचेच, पण वेगवेगळ्या तऱ्हेने. & हा प्रत्येक बिटावर स्वतंत्रपणे चालतो. ५ म्हणजे १०१, २ म्हणजे ०१०, एकाही जागी दोघांत १ नाही, म्हणून ५ & २ = ०. आणि बघा, ५ & ५ = ५. बूलचा नियम जसाच्या तसा, कारण प्रत्येक बिट ० किंवा १ च आहे. && मात्र आधी अख्ख्या संख्येला एकच प्रश्न विचारतो, तू शून्य आहेस की नाहीस? ५ शून्य नाही, २ शून्य नाही, दोन्ही खरे, म्हणून उत्तर १.

आणखी एक फरक आहे, आणि तो बूलकडे नव्हता. बूलचं क्षय आणि यक्ष एकच. पण && आधी डावी बाजू बघतो, ती खोटी निघाली तर उजवीकडे जातच नाही. म्हणून (मुली != ० && एकूण / मुली > ४०) हे सुरक्षित आहे. मुली शून्य असल्या तर भागाकार होतच नाही. बाजू उलट्या केल्या, किंवा && च्या जागी & टाकला, तर शून्याने भागायची पाळी येईल. कागदावरचा विचार एकदम असतो, मशीनला तो एकामागून एक करावा लागतो.

आणि माझ्या हरवलेल्या सम संख्या? && वेगळा झाला तेव्हा & चा प्रिसिडन्स == च्या वर न्यायला हवा होता. पण आधी लिहिलेले प्रोग्राम बिघडू नयेत म्हणून तो होता तिथेच, == च्या खाली ठेवला. त्यामुळे माझ्या अटीत आधी १ == ० तपासलं गेलं, ते खोटं, म्हणजे ०. मग संख्या & ० म्हणजे कायम शून्यच. एक कंस घातला असता, ((संख्या & १) == ०), तर सगळ्या सम संख्या सापडल्या असत्या. तक्ता मला पाठ होता, पण तो असा का आहे हे मी कधी विचारलं नव्हतं.

आता राहिलेली कबुली.

हे ५ & २ चं उत्तर मला लायब्ररीत सापडलेलं नाही. त्या रात्री माझ्या रूममेटने मेसच्या कूपनच्या मागे बिट लिहून मला समजावून सांगितलं, मराठीत, पाच मिनिटांत. ती मराठी माध्यमातली, डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेली. म्हणजे ओरलच्या वेळीही तिला उत्तर येत होतं. पण प्रश्न इंग्रजीत आला, तिची जीभ अडली आणि ती गप्प उभी राहिली. तिच्या आधी मी फाडफाड इंग्रजीत बिट, बाइट, मेमरी असं काहीही जोडून दोन मिनिटं बोलले होते. निकाल लागला तेव्हा मला तिच्यापेक्षा सहा मार्क जास्त होते. तिने मला काहीच विचारलं नाही. बॅग भरून ती घरी गेली आणि परत यायचं की नाही याचा विचार करत आठ दिवस तिकडेच राहिली.

ती परत आली. आल्यावर मी तिला बूलची गोष्ट सांगितली, तिने तिच्या पद्धतीने ती ऐकून घेतली आणि मग माझ्या वहीतलं एक समीकरण चुकलंय ते दाखवलं. आता रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास ती मला का ते विचारायला शिकवते आणि मी तिची इंग्रजीत ओरल घेते. हा लेखही तिने तपासून दिला आहे, त्यामुळे मराठी बरं वाटलं असेल तर श्रेय तिचं.

बूलला ग्रीक येतं हे कुणाला पटलं नाही, त्याच्याकडे पदवी नव्हती, त्याचा निबंध परत जाता जाता राहिला. पण क्ष × क्ष = क्ष हे लिहिणारा कोणत्या शाळेतला, हे त्या समीकरणाला ठाऊक नसतं. ऑपरेटरला माध्यम नसतं. ते आपण माणसांनी लावलेलं आहे.

पुढच्या ओरलला तुमच्या शेजारी कुणी गप्प उभं असेल, तर बाहेर आल्यावर त्याला एकदा उत्तर विचारून बघा. मी तेवढंच केलं, आणि माझ्या सम संख्या सापडल्या.